विमा आणि त्याचा राखणदार

विमा म्हणजे काय, असे विचारिले असता पुष्कळ विद्यार्थी ‘हप्ता भरून पैसे मिळविणे’ असे उत्तर देतात. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. विमा म्हणजे एकाचे ओझे अनेकांनी मिळून वाहणे होय. पुष्कळ लोक थोडे थोडे द्रव्य एके ठिकाणी ठेवितात, आणि ज्यावर संकट कोसळते त्याची त्यातून भरपाई होते. परंतु हप्ता आज भरावयाचा आणि भरपाई कदाचित वीस वर्षांनी मिळावयाची! मध्यंतरी ते द्रव्य कोण सांभाळितो, हाच खरा प्रश्न होय.

याचसाठी आपल्या देशात १९३८ साली विम्याचा व्यापक कायदा झाला. पुढे १९९९ च्या कायद्यान्वये भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. विमा कंपनीने अडचणीच्या काळासाठी ठरलेल्या किमान शिलकीच्या दीडपट शिल्लक बाळगिली पाहिजे, असा त्याचा दंडक आहे.

तथापि संकटांचे स्वरूप पालटत आहे. आग लागली तर एखादे घर जळते. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य घरांत व दुकानांत एकाच वेळी पाणी शिरले. असे झाले म्हणजे ‘पुष्कळांनी द्यावे, थोड्यांनी घ्यावे’ हा हिशेब डळमळू लागतो. यास्तव कंपन्या आपलाही विमा उतरवितात. त्यास पुनर्विमा म्हणतात. अशा रीतीने मुंबईच्या पुराचा भार म्युनिक वा झुरिच येथील कंपनीही उचलू शकते. पण परदेशी कंपनीस जाब कोणी विचारावा? २०१५ च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांस येथे शाखा उघडण्याची मुभा मिळाली, आणि त्या शाखा आपल्या प्राधिकरणाच्या देखरेखीखाली आल्या.

आणखी एक संकट डोळ्यांस दिसत नाही. आपले वय, आजार व मिळकत यांची माहिती आता कंपन्यांच्या संगणकांत असते. तिची चोरी होऊ नये म्हणून प्राधिकरणाने २०१७ साली नियम घालून दिले व २०२३ साली ते अधिक व्यापक केले.

सारांश, संकट नवे आले की पहारा बदलावा लागतो. दिलेले वचन मात्र बदलता कामा नये. परंतु राखणदार कितीही जागरूक असला तरी घरधन्याने झोपू नये. विद्यार्थ्यांनी आपल्या आईवडिलांजवळ बसून घरातील विमापत्र एकदा लक्षपूर्वक वाचावे, अशी आमची सूचना आहे.