बोर्डावरचा प्रोग्रॅमर: न्यूक्लिओचं एसटी-लिंक स्वतःच्या प्रॉडक्टसाठी कसं वापरायचं?



पंपाचा ऑटो-स्टार्टर, टाकीचा लेव्हल कंट्रोलर, इनक्युबेटरचा टायमर असं काही बनवून विकायचा विचार असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी. न्यूक्लिओ बोर्डावर प्रोटोटाइप चालला, स्वतःचा पीसीबी छापून आला. आता त्यातल्या चिपमध्ये प्रोग्रॅम कसा भरायचा? बरेच जण इथे लगेच वेगळा प्रोग्रॅमर विकत घ्यायला निघतात. थांबा. तो तुमच्याकडे आधीच आहे.

एका बोर्डात दोन भाग

एसटीएम३२ न्यूक्लिओ-६४ बोर्ड नीट बघा. यूएसबीच्या बाजूचा छोटा तुकडा म्हणजे एसटी-लिंक, हाच डीबग प्रोब. खालचा मोठा भाग म्हणजे मूळ मायक्रोकंट्रोलर. एसटी-लिंक तीन कामं करतो: चिपमध्ये प्रोग्रॅम भरतो, चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आतल्या व्हेरिएबलच्या किमती दाखवतो आणि लॅपटॉपला सीरियल पोर्ट देतो. एलईडी लुकलुकवून अंदाज बांधण्यापेक्षा प्रोग्रॅम थांबवून बघणं केव्हाही बरं. ग्राहकाकडून परत आलेला बोर्ड दुरुस्त करतानाही हेच उपयोगी पडतं.

स्वतःच्या बोर्डाला जोडायची पद्धत

१. न्यूक्लिओवर सीएन२ नावाचे दोन जंपर असतात. ते दोन्ही काढा. जंपर लावलेले असले की एसटी-लिंक न्यूक्लिओच्याच चिपशी बोलतो, काढले की बाहेरच्या.

२. सीएन४ या सहा पिनांच्या कनेक्टरवरून वायर घ्या. क्रम असा: १ टार्गेटचा व्होल्टेज, २ एसडब्ल्यूसीएलके, ३ ग्राउंड, ४ एसडब्ल्यूडीआयओ, ५ रीसेट, ६ एसडब्ल्यूओ. सुरुवातीला पहिल्या चार पुरतात. पाचवी किंवा सहावी पिन वापरायची असेल, तर अनुक्रमे एसबी१२ आणि एसबी१५ हे सोल्डर ब्रिज उघडावे लागतात.

३. पहिली पिन पुरवठा देत नाही, ती फक्त तुमच्या बोर्डाचा व्होल्टेज मोजते. तुमच्या बोर्डाला स्वतःचा ३.३ व्होल्टचा पुरवठा हवाच.

४. एसटीएम३२ क्यूब-प्रोग्रॅमर हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, एसडब्ल्यूडी निवडा आणि कनेक्ट करा. चिपचं नाव दिसेल. ते तुमच्या बोर्डावरच्या चिपचंच आहे ना, हे तपासा आणि मगच फाइल भरा.

पीसीबी काढतानाच हे करा

सीएन४ च्या पहिल्या पाच पिना त्याच क्रमाने तुमच्या पीसीबीवर पॅड म्हणून काढा. खर्च जवळजवळ शून्य. हिशोब बघा: पॅड नसले आणि दर बोर्डाला वायर सोल्डर करून काढायला ५ मिनिटं लागली, तर ५० बोर्डांना २५० मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त. स्प्रिंगच्या पोगो पिना लावलेली साधी जिग केली, तर बोर्ड दाबून धरायचा आणि प्रोग्रॅम भरायचा. पीए१३ आणि पीए१४ या डीबगच्या पिना रिले किंवा एलईडीला देऊ नका. नाहीतर प्रोग्रॅम सुरू होताच प्रोब आत शिरू शकणार नाही आणि रीसेट पिनची मदत घ्यावी लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं: २३० व्होल्ट

स्वस्त कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरून पुरवठा घेतलेला असतो. अशा बोर्डाचं ग्राउंड थेट मेनशी जोडलेलं असतं. न्यूक्लिओवरच्या एसटी-लिंकमध्ये आयसोलेशन नाही. मेन चालू ठेवून वायर लावली, तर लॅपटॉप जळेल आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. ‘लॅपटॉप बॅटरीवर आहे’ ही पळवाट चालत नाही, कारण तेव्हा लॅपटॉपच्या धातूच्या भागातच करंट उतरतो.

म्हणून नियम एकच: मेनची वायर पूर्ण काढा, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा, बोर्डाला वेगळ्या आयसोलेटेड अडॅप्टरवरून ३.३ व्होल्ट द्या आणि मग प्रोब जोडा. मेनवर चालू असतानाच डीबग करणं भाग असेल, तर एसटी-लिंक/व्ही२-आयसोलसारखा आयसोलेटेड प्रोब घ्या. तरीही बोर्डाला हात लावायचा नाही. कामगाराला जिग देणार असाल तर हा नियम टेबलासमोर मोठ्या अक्षरात लावा.

माल पाठवण्याआधी

ऑप्शन बाइट्समध्ये रीड-आउट प्रोटेक्शन लेव्हल १ करा. मग कुणी डीबग पॅडवरून तुमचा प्रोग्रॅम वाचून घ्यायला गेला, तर अडेल. परत लेव्हल ० वर आणलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. लेव्हल २ ला हात लावू नका. एफ४ सारख्या चिपमध्ये ते परत फिरवता येत नाही, डीबग कायमचं बंद होतं.

आणि हो, न्यूक्लिओ हा चाचणीसाठीचा बोर्ड आहे. तो डब्यात घालून प्रॉडक्ट म्हणून विकायचा नाही. तुमच्या टेबलावरचं हत्यार म्हणूनच ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या पीसीबीचं डिझाइन उघडा. पाच पॅड आहेत का? पीए१३ आणि पीए१४ मोकळ्या आहेत का? ग्राउंड मेनशी जोडलेलं आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा, मगच पीसीबीची ऑर्डर द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!