न मागणाऱ्यांच्या गरजा

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

चि. भाच्यास,

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला बहुधा ठरलेला ग्राहक नसतो. त्यामुळे गरजा लिहून देणाराही कोणी नसतो. असे पुष्कळ प्रकल्प प्रोग्रामरच्या स्वतःच्या अडचणीतून जन्मतात, हे एरिक रेमंड यांनी १९९७ मध्येच मांडले. पुढे वापरणारे वाढतात, पण मागण्या नोंदवतात ते इंग्रजी येणारे आणि सवड असलेले. बाकीचे साधन मुकाट सोडून देतात. गरजा गोळा करायच्या तर या बाकीच्यांपर्यंत जावेच लागते.

केशोरीच्या धान उत्पादकांसाठी हिशेबाचे ॲप करायचे झाले, तर ‘काय हवे?’ एवढे विचारून फारसे हाती लागत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीवर आणि पुढे खरेदी केंद्रावर बसून पाहावे. मजुरी कशावर टिपतात, घरातला फोन कोणाच्या हाती असतो, रेंज कुठे जाते, धान खंडीत मोजतात की क्विंटलमध्ये, सातबारा आणायला कोण जाते, हे कामाच्या जागीच कळते.

पाहिलेले लिहितानाही नेमकेपणा हवा. ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. ‘पऱ्हे’ हा शब्द कोणत्या फोनवर, कोणत्या कळफलकाने लिहिला, काय उमटले आणि काय उमटायला हवे होते, हे चित्रासह दिले की दूरदेशीचा प्रोग्रामरही दोष शोधू शकतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला वेगळे स्थान आहे; चूक कळफलकाची की फॉन्टची, हे अशा नोंदीवरून उलगडते. नोंदीत अडचण आधी यावी. सुचलेला उपाय वेगळा लिहावा.

कामाच्या जागी गरज ओळखण्याचे एक उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. गोंदियाहून रेल्वेने छत्तीसगडमधले बिलासपूर गाठले की जवळच गनियारी आहे. तिथल्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या साथीने थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘बहमनी’ हे रुग्णालयांसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर घडवले. रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, बिले आणि साठ्यासाठी ओडू ही मुक्त साधने आधीच होती. बहमनीने ती जोडली. एकाच रुग्णाची माहिती खिडकीपासून औषधापर्यंत सोबत राहावी, ही गरज मध्यभागी ठेवून असलेलीच साधने जोडल्याने बरेचसे नवे लिहिणे वाचले. गरजेचा असा अभ्यास कोणत्याही चतुर कोडपेक्षा मोलाचा.

प्रत्येक मागणी मान्य करता येत नाही, कारण जोडलेला प्रत्येक भाग कोणाला तरी वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. नकार द्यायचा तर कारणासह द्यावा. दुरुस्ती झाल्यावर ज्याच्याकडून गरज कळली, त्याच्याच फोनवर ती चालवून पाहावी आणि मगच नोंद बंद करावी.

मामा