चार पट, एक संघ

तुम्ही ज्या खेळाला शतरंज म्हणता, त्याला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. बादशाह येथे राजा होतो. वजीर, घोडा आणि प्यादे तर तुमच्या ओळखीचेच आहेत. पण एक गंमत लक्षात ठेवा. उर्दूत ज्याला फील, म्हणजे हत्ती म्हणतात, तो मराठीत उंट आहे आणि उर्दूतला रुख मराठीत हत्ती झाला आहे. शह आणि मात हे शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

बुद्धिबळाचा डाव दोघांत होतो. मग त्यात संघ कसा? याचे उत्तर बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये मिळते. ही देशादेशांच्या संघांची स्पर्धा आहे. पहिली स्पर्धा १९२७ साली लंडनला झाली. महिलांची स्पर्धा १९५७ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. आता दोन्ही स्पर्धा एकाच शहरात भरतात. एका संघात पाच खेळाडू असतात. त्यांपैकी चौघे प्रत्येक फेरीत चार पटांवर खेळतात. जिंकणाऱ्याला एक गुण आणि बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा गुण मिळतो. चौघांच्या गुणांची बेरीज करून सामन्याचा निकाल ठरतो. खेळताना कोणी कोणाला चाल सुचवू शकत नाही. प्रत्येक जण एकटा खेळतो, पण हारजीत सर्वांची असते.

१९८० साली माल्टा येथील ऑलिंपियाडमध्ये भोपाळच्या रफीक खान यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. ते सुतारकाम करीत. हातात रंधा धरणारा माणूस पटावरही तरबेज होता.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात ४५ वे ऑलिंपियाड झाले. भारताच्या महिला संघाने पहिल्या सातही फेऱ्या जिंकल्या. आठव्या फेरीत मात्र पोलंडने त्यांना हरवले. नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली. सुवर्णपदक हातचे जाते की काय, असे वाटू लागले. दहाव्या फेरीत समोर चीनचा बलाढ्य संघ होता. चारपैकी तीन डाव बरोबरीत सुटले. उरलेला एक डाव दिव्या देशमुखने जिंकला आणि भारताने अडीच विरुद्ध दीड गुणांनी सामना जिंकला. पण मुलांनो, बाकीच्या तिघींनी आपले डाव राखले नसते, तर दिव्याचा एक गुण पुरला असता का?

शेवटच्या फेरीत अझरबैजानला हरवून महिला संघाने सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी खुल्या गटातही भारताला सुवर्णपदक मिळाले. त्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

दिव्या नागपूरची. अकोल्याहून रेल्वेने मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा ओलांडले की नागपूर येते. इतक्या जवळची ही मुलगी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

अमरावती असो वा अकोला, या खेळाला मोठे मैदान लागत नाही, भाषेचीही अडचण येत नाही. चार पट मांडा. मुलामुलींचे संघ करा आणि दुसऱ्या वर्गाशी सामना खेळा. तुमचा डाव बिघडला, तरी घाईने हार मानू नका. तुम्ही वाचवलेला अर्धा गुणही संघाला जिंकून देऊ शकतो.

शब्दार्थ
तरबेज – माहिर
बलाढ्य – ताकदवर
बरोबरी – हारजीत न होणे
रंधा – लाकूड गुळगुळीत करण्याचे अवजार

स्वाध्याय
१. एका फेरीत संघातील किती खेळाडू खेळतात?
२. चीनविरुद्धचा सामना भारताने कसा जिंकला?
३. ‘हातचे जाणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
४. बुद्धिबळातील मोहऱ्यांची मराठी व उर्दू नावे समोरासमोर लिहा.