आडनाव एक, घराणी अनेक



लग्नाची बोलणी चालू असतात. मुलगा अंधेरीचा परेरा, मुलगी बोरिवलीची परेरा. सगळे जुळत आलेले असते आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस विचारते, "दोघांचे आडनाव एकच. भावकी निघाली तर?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आडनावात नाही, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे. ती वही कशी वाचायची ते आज पाहू.

आधी आडनावाविषयी. १५३४ साली वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. पुढे आपल्या भागातील लोक ख्रिस्ती झाले तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नव्या नावाबरोबर नवे आडनावही मिळाले. कधी धर्मपित्याचे, तर कधी बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंचे. त्यामुळे एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या घरांना एकच आडनाव लागले. त्या आडनावांचा अर्थही आपल्या वंशाशी जुळत नाही. परेरा म्हणजे पेअरचे झाड. डिसोझामधली सोझा ही पोर्तुगालमधली नदी. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा आणि गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा मुलगा. हीच आडनावे स्पेनमध्ये थोड्या वेगळ्या उच्चाराने चालतात आणि तिथून मेक्सिकोपासून मनिलापर्यंत गेली आहेत.

आपले संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा ना. वसईत जन्मलेले, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. मनिलाला ते स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघात गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. गार्सिया हे आज स्पेनमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते सहाव्या क्रमांकावर होते. हे सारे गार्सिया काही आपल्या संतांचे भाऊबंद नव्हेत! फिलिपिन्समध्ये तर १८४९ साली गव्हर्नर क्लावेरिया यांनी आडनावांची छापील यादीच काढली आणि गावोगावी तिची पाने वाटली. काही गावांत आजही बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात, ती यामुळेच.

मग नाते शोधायचे कसे? इथे नोंदवही कामाला येते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवण्याचा आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावे लिहून ठेवण्याचा नियम केला. कारण लग्नाचेच होते. त्या काळी बाप्तिस्म्यातून जुळलेले आध्यात्मिक नातेही विवाहाच्या आड येत असे. ती अडचण १९८३ च्या धर्मसंहितेत राहिली नाही, पण नावे लिहिण्याची शिस्त राहिली, हे आपले भाग्य.

जुनी नोंद लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये असू शकते. लॅटिनमध्ये नावेही बदलतात. घरात ज्यांना फ्रान्सिस म्हणत ते वहीत 'फ्रान्सिस्कुस' असतात आणि जॉन हे 'योआन्नेस'. आडनावाचे स्पेलिंग तर बाप आणि लेकाचेही वेगळे सापडते, त्यावर अडून बसू नये. एका गोष्टीत मात्र अनेकजण फसतात. जुन्या हस्तलेखनात महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि पुढे 'ब्रो' अशी अक्षरे दिसली तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. कारण लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात. तसेच आठचा आकडा म्हणजे ऑक्टोबर आणि नऊचा म्हणजे नोव्हेंबर. दोन महिन्यांची ही चूक एकदा दाखल्यात उतरली की पुढे पासपोर्टपर्यंत जाते.

नाव सापडल्यावर आडनावावर बोट ठेवून थांबू नका. आईचे नाव, गाव आणि धर्मपिता-धर्ममाता वाचा. धर्मपिता बहुधा मामा, काका किंवा शेजारी असतो, त्यामुळे घराण्याचा धागा तिथे हाती लागतो. समासही वाचा. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करतात. लग्नाच्या वेळी जुना दाखला न घेता सहा महिन्यांच्या आतला मागतात, त्यामागे हेच कारण आहे. कार्यालय उगीच हेलपाटे घालायला लावते असे नाही.

आता आपल्या दोन परेरांकडे येऊ. धर्मसंहितेनुसार सख्खे चुलत, मावस आणि आते-मामे भावंडांपर्यंतचे रक्ताचे नाते विवाहाच्या आड येते. म्हणजे दोघांचे आजी-आजोबा कोण, एवढे कळले की बहुतेक वेळा शंका मिटते. त्यासाठी दोघांच्या आईवडिलांच्या, म्हणजे चौघांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पुरतात. आडनाव वेगळे म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे आहे. मामाची मुलगी परेरा असेल आणि आत्याचा मुलगा डिमेलो, पण नाते मात्र अगदी जवळचे! आमच्या मते आडनावाची जितकी चौकशी होते तितकी आईच्या माहेरची व्हायला हवी.

नोंद कुठल्या चर्चमध्ये शोधायची हाही प्रश्न असतोच. मुलुंड, घाटकोपरला राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव वसई, गोवा किंवा मंगळूरकडे आहे. तिथल्या आजोबांची नोंद इथे मिळणार नाही. उपनगरातही चर्चची जागा बदललेली असते. संत योहान बाप्तिस्ताचे १५७९ चे चर्च आज सीप्झच्या आवारात पडके उभे आहे. १८४० च्या सुमारास साथीमुळे तिथले लोक मरोळला गेले आणि नवे चर्च तिथे झाले. म्हणून घरातल्या वृद्धांना "कुठले चर्च?" एवढेच न विचारता "तेव्हा कुठल्या चर्चला जात होता?" असे विचारावे.

कार्यालयात येताना नाव, आईवडिलांची नावे आणि जन्माचे अंदाजे साल कागदावर लिहून आणावे. जुन्या वह्यांची पाने ठिसूळ असतात. ती स्वतः उलटू नयेत, आणि कृपया बोटाला थुंकी तर मुळीच लावू नये.