पांघरूण उचलून बघ

पोरी, माझ्या वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, वृद्धाश्रमात ठेवलंस म्हणून भावकीत जी कुजबुज चालली आहे, ती कानाआड कर. तुम्ही दोघं दिवसभर नोकरीवर, आणि तिला पक्षाघातानंतर स्वतःची कूससुद्धा बदलता येत नाही. घरी करणार कोण होतं? तिला ठेवलंस यात काही चुकलं नाही. मात्र महिन्याचे पैसे मोबाइलवरून भरून मोकळी झालीस, तर मी तुला बोल लावीन.

तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. तेव्हाची एक गोष्ट कबूल करते. वॉर्डात चाळीस खाटा आणि रात्रपाळीला आम्ही दोघी. ज्या पेशंटचा माणूस पांघरूण उचलून टाचा बघायचा, त्या पेशंटची कूस वेळेवर बदलली जायची. ज्याचा माणूस दारातूनच फळांची पिशवी देऊन जायचा, त्याची बारी मागे पडायची. हात अपुरे असले की ते जाब विचारणाऱ्याकडे आधी वळतात.

जायची वेळ कधी कळवू नकोस. रविवारी सकाळी अकराला सगळेच वृद्धाश्रम फिनेलचा वास मारत लखलखत असतात. बुधवारी संध्याकाळी सातला, जेवणाच्या वेळी जा. ताट समोर ठेवून पंधरा मिनिटांनी तसंच उचलतात, की कुणी बसून भरवतं? पाण्याचा तांब्या कुठं आहे? वहिनीची डावी बाजू गेली आहे. तांब्या डावीकडे असेल तर तो नसल्यासारखाच. माझी थोरली बहीण अशाच एका ठिकाणी होती. ‘आजींच्या तोंडाला चव नाही,’ असं आम्हाला सांगायचे. कवळी हरवली होती, आणि ती सहा आठवडे नुसत्या पेजेवर होती. मी सिस्टर, पण माझ्याही ध्यानात आलं नाही.

मग अंग बघ. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती. लाल चट्टा दिसला तर बोटानं दाब. दाबल्यावर फिका पडत नसेल, तर शय्याव्रणाची ती सुरुवात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघ. तेवढी जागा भोवतालापेक्षा गरम किंवा टणक लागते. अशा पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांएवढे काळेनिळे डाग म्हणजे कुणीतरी खसकन धरलेलं असू शकतं. मनगटाभोवती गोल वळ असेल तर बांधून ठेवतात का, हे विचारायलाच हवं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर जरा लागलं तरी काळंनिळं होतं, तेव्हा एका डागावरून कुणावर आळ घेऊ नकोस.

भर दुपारी ती झापडलेली, जीभ जड झालेली दिसली, तर झोपेची गोळी कुठल्या डॉक्टरनं लिहिली तो कागद माग. वजन दर महिन्याला करायला लाव. पन्नास किलोची बाई महिन्यात अडीच किलो उतरली, तर बाहेरच्या डॉक्टरला दाखव.

तिच्याशी एकटीनं बोल. ‘तुला कुणी मारतं का?’ असं विचारलंस तर ती नाहीच म्हणेल. ‘रात्री हाक मारली तर कोण येतं?’ असं विचार. उत्तर देण्याआधी तिनं दाराकडे पाहिलं, तर तेही वहीत लिही. आणि तिथं काम करणाऱ्या मावशींशी तुटक वागू नकोस. बारा-बारा तास उभ्या असतात त्या. नावानं हाक मारून चौकशी केलीस तर आतलं खरं त्याच सांगतील.

वहीत तारीख, वेळ, काय दिसलं, ड्यूटीवर कोण होतं, सगळं असू दे. जखमेचा फोटोही काढ. तक्रार तोंडी करू नकोस. अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. मारहाण किंवा चिघळलेली जखम असेल तर अर्जात वेळ घालवू नकोस. 112 लाव, सरकारी दवाखान्यात तपासून घे. सल्ला हवा तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे. दारावर ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी असेल तर समाजकल्याण खात्याकडे जा. ‘नर्सिंग होम’ असेल तर शहरात महापालिकेचं आरोग्य खातं, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा खाजगी मामला’ म्हणाले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 357 दाखव. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून जाणूनबुजून ती न करणं हा गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ वाटेल, पण कलमाचा आकडा ऐकला की खुर्चीतला माणूस नीट बसतो. पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, आणि वृद्धाश्रमाला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. म्हणून पावत्या जपून ठेव.

‘तक्रार केली तर राग आईवर काढतील,’ असं तू म्हणशील. ही भीती खोटी नाही. याच भीतीनं आम्ही बहिणीसाठी दोन महिने गप्प राहिलो, आणि त्या दोन महिन्यांत तिच्या माकडहाडाची जखम हाडापर्यंत गेली. म्हणून दुसरी एक जागा आधीच बघून ठेव. अर्ज देताना हलवायची तयारी असली की आवाज कापत नाही.

या बुधवारी जा. तांब्या कुठल्या बाजूला होता, ते मला रात्री फोन करून सांग.