दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक चांगला नसतो



गटाच्या कर्जातून तीनचाकी, पिकअप किंवा प्रवासी गाडी घेणं आता नवलाचं राहिलं नाही. २०१७ साली सुरू झालेली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना तर गटातल्या महिलांनी गावोगावी गाडी चालवावी यासाठीच होती. गाडी आली की हप्ता, डिझेल, विमा याचा हिशोब आपण चोख ठेवतो. ब्रेकचा हिशोब मात्र राहून जातो. म्हणून या अंकात ब्रेकमधली हवा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘एअर’ म्हणतात, ती समजून घेऊ.

हवा आली म्हणजे काय होतं?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत दाब नेतं. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून ब्रेक लागतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि चाकापर्यंत थोडाच पोचतो. विहिरीवरच्या मोटारीने एअर धरली की मोटर फिरते पण पाणी येत नाही, तसंच काहीसं.

कुणी विचारेल, एसटीला तर हवेचाच ब्रेक असतो, मग आपल्याला हवा का नको? मोठ्या गाड्यांची रचनाच वेगळी असते. तिथे काम हवेच्या दाबावर चालतं. आपल्या गाडीत काम ऑइलचं आहे.

कसं ओळखायचं?

- पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, नेहमीपेक्षा खाली जातं.
- दोन-तीनदा पंप केल्यावर कुठं ब्रेक लागतो. लायनर झिजून फट वाढली तरी असं होतं, म्हणून तेही तपासून घ्या.
- पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर बहुधा गळती आहे. नुसती हवा काढून भागणार नाही.

हवा येते कुठून?

डबीतलं ऑइल फार कमी झालं, नळी किंवा व्हील सिलिंडर खोलला, कुठं गळती झाली, की हवा शिरते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताजं डॉट-३ ऑइल साधारण २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवा आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला.

हवा काढतात कशी?

हे काम दोघांचं आहे आणि शिकलेल्या माणसाच्या हातूनच करून घ्यायचं. पण शेजारी उभं राहून बघायचं, ते यासाठी:

१. गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा ठोकळे लावून.
२. डबीत झाकणावर लिहिलेलं ऑइल भरायचं, बहुतेक डॉट-३ किंवा डॉट-४. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून खराब होतात.
३. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. बहुतेक गाड्यांत मागची चाकं आधी, पुढची नंतर. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच धरायचा.
४. चाकाच्या निप्पलला पारदर्शक नळी लावायची. तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं.
५. एकीने पेडल हळू तीन-चारदा दाबून शेवटी दाबून धरायचं. दुसऱ्याने पान्याने निप्पल थोडं सैल करायचं. बुडबुडे आणि ऑइल बाहेर येतं, पेडल खाली जातं.
६. निप्पल आवळल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा परत आत जाते.
७. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. मधे मधे डबी भरत राहायचं. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

शेवटी पेडल टणक लागलं पाहिजे. कुठं ओल नाही ना बघा आणि रिकाम्या जागी हळू चालवून ब्रेक तपासा. एबीएस असलेली गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्या.

बाटलीतलं ऑइल परत वापरू नका. ते विषारी आहे आणि रंगही खराब करतं. पाण्याच्या बाटलीत घरी ठेवू नका, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजवरच द्या.

गटाने काय ठरवायचं?

बाजाराच्या दिवशी बोरीहून जिंतूरला भरलेली गाडी निघणार असते, हप्त्याची तारीख जवळ असते. अशा वेळी ‘दोनदा पंप केलं की लागतो की’ म्हणून गाडी काढली जाते. अचानक पोरगं आडवं आलं तर दुसऱ्यांदा पेडल दाबायला वेळ मिळत नाही. एक फेरी बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते.

म्हणून पुढच्या बैठकीत हे तीन ठराव घ्या. रोज गाडी काढण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघायचं. ऑइल बदलल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहायची. आणि पेडल मऊ लागलं तर चालवणाऱ्या ताईने ‘आज गाडी निघणार नाही’ म्हटलं की अध्यक्ष-सचिवांसह सगळ्यांनी ते ऐकायचं.

गॅरेजवर कुणी म्हणालं, ‘ताई, तुम्हाला यातलं काय कळतं?’ तर सांगा, १९८८ मध्ये रिक्षा चालवायला लागलेल्या, देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शीला डावरे आमच्या परभणीच्याच. आणि मग नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत तिथंच उभ्या राहा.