कर्मचाऱ्यांसाठी चालण्याची स्पर्धा : अर्धशक्तीच्या मर्यादेत आखणी कशी करावी?

प्रस्तावना

बैठे काम हे आजच्या नोकरदार वर्गाच्या दिनचर्येचे मुख्य लक्षण झाले आहे. बँक, पतसंस्था, विमा कार्यालय वा संगणक कंपनी कोठेही पाहिले तरी कर्मचारी दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत बसून असतो. आस्यासुख आणि स्वप्नसुख हे प्रमेहाचे प्रमुख हेतू म्हणून चरकाचार्यांनी सांगितले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचे अनुमान काढण्यात आले.

या पार्श्वभूमीवर अनेक आस्थापना कर्मचाऱ्यांसाठी चालण्याच्या स्पर्धा भरवितात. महिनाभर पावले मोजावयाची आणि सर्वाधिक पावले चालणाऱ्यास बक्षीस द्यावयाचे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. उद्घाटनास वैद्यांना पाचारण केले जाते. आमचे प्रतिपादन असे की, वैद्याने नारळ वाढवून व दोन शब्द बोलून परतू नये. स्पर्धेचे नियमच त्याने आखून द्यावेत. कारण सर्वांना एकच आकडा देणारी स्पर्धा ही अर्धशक्तीच्या सिद्धांताच्या विरोधात जाते आणि तिचा अपाय नेमका त्यालाच होतो, ज्याला चालण्याची सर्वाधिक गरज असते.

शास्त्रीय आधार

चालण्याचे तीन प्रकार आपण प्रथम वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार चंक्रमण. देहाला फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर असून इंद्रियांना जागृत ठेवणारे आहे, असा अभिप्राय सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ व्या अध्यायात आढळतो. ‘फार पीडा न देणारे’ ही अट येथे महत्त्वाची आहे.

दुसरा प्रकार व्यायामस्वरूप चालणे. शरीरलाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी व मेदक्षय ही व्यायामाची फळे वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात सांगितली आहेत. तो बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने करावा आणि अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प करावा, असा निर्देश आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे होत. कर्मचाऱ्यांना ती सोप्या शब्दांत सांगता येतात : चालताना सोबत्याशी बोलता यावे, वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा.

तिसरा प्रकार शतपावली. भोजनोत्तर थोडी विश्रांती घेऊन शंभर पावले सावकाश चालावे, हा संकेत सुश्रुतांचा असून आपल्या घराघरांत तो आजही जिवंत आहे. शतपावली म्हणजे व्यायाम नव्हे. अनेक कार्यालये जेवणाच्या सुट्टीतच झपाझप चालण्याचा कार्यक्रम ठेवतात, तो टाळावा. जेवणानंतर शतपावली आणि व्यायामस्वरूप चालणे सकाळी किंवा सायंकाळी, अशी विभागणी करून द्यावी.

दहा हजारांचा आकडा

रोज १०,००० पावले चालावे, हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम वैद्यकीय संशोधनात नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. तेथून हा आकडा जगभर गेला.

नंतरच्या अभ्यासांनी वेगळे चित्र दाखविले. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक लाभ दिसला नाही. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०२५ साली आलेल्या एकत्रित विश्लेषणात रोज २,००० पावलांच्या तुलनेत ७,००० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होता. हे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यांवरून कार्यकारणभाव ठामपणे मांडता येत नाही. तथापि जो अगदीच चालत नाही, त्याच्या थोड्या वाढीशी मोठा लाभ निगडित दिसतो, हे लक्षणीय आहे.

एक उदाहरण

आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाचे उदाहरण येथे देणे उचित ठरेल. वय बावन्न, लेखनिकाची नोकरी, मधुमेह नऊ वर्षे जुना. कार्यालयातील स्पर्धेत प्रत्येक गटसदस्याने रोज १०,००० पावले पूर्ण करावयाची होती. दुसऱ्या आठवड्यात नव्या बुटामुळे पायाच्या अंगठ्याखाली फोड आला. पादसुप्ती असल्याने वेदना जाणवली नाही. मोज्याला डाग लागल्यावर कळले. आपल्यामुळे गटाचे गुण जाऊ नयेत म्हणून हे गृहस्थ आणखी बारा दिवस चालत राहिले. आमच्याकडे आले तेव्हा व्रण खोल गेला होता. शल्यचिकित्सकाच्या सहकार्याने तो भरून येण्यास जवळजवळ तीन महिने लागले. पाय वाचला, हे भाग्य.

येथे चालणे दोषी नाही; दोषी आहे तो नियम, ज्यात विश्रांती घेणे म्हणजे सहकाऱ्यांचे नुकसान करणे ठरते. निर्धन प्रमेही रुग्णाने पादत्राण व छत्री न घेता शंभर योजने चालावे, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. त्यातील चालण्याचे महत्त्व आपण अवश्य घ्यावे. पण पादसुप्ती असलेल्या रुग्णास अनवाणी चालविणे आज कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. त्याच संहितेने पादत्राणधारणाचे गुणही गायिले आहेत.

आखणी

सुमारे ३६ कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेसाठी पुढील योजना उपयुक्त ठरेल.

१. काळ : आठ आठवडे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रारंभ करून मकरसंक्रांतीस समारोप करावा. हेमंतात अग्नी व बल उत्तम असते. समारोपास तिळगूळ वाटावा. मोठ्या मेजवानीची आवश्यकता नाही. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत स्पर्धा भरवू नये.

२. पूर्वपरीक्षण : नाव नोंदविणाऱ्या प्रत्येकाची प्रकृती, अग्नी, नाडी, रक्तदाब, कमरेचा घेर, गुडघे व पाय तपासावेत. मधुमेहींचे तळवे व बोटांच्या बेचक्या प्रकाशात पाहाव्यात.

३. मूळ संख्या : पहिल्या आठवड्यात कोणीही जास्त चालू नये, नेहमीची पावले केवळ मोजावीत. त्याची सरासरी ही त्या व्यक्तीची मूळ संख्या. मोबाइल टेबलावर राहिला तर पावले मोजली जात नाहीत. तो किंवा कमरेचे यंत्र सतत अंगावर असावे.

४. लक्ष्य : मूळ संख्येत दर दोन आठवड्यांनी १,००० पावलांची वाढ करावी. मूळ संख्या ३,००० असल्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ४,०००, चौथ्या-पाचव्यात ५,००० आणि सहाव्या ते आठव्यात ६,०००. हजार पावलांस साधारण दहा मिनिटे लागतात. ज्यांची मूळ संख्या ८,००० च्या पुढे आहे त्यांना वाढ नको, सातत्य पुरे.

५. गट व गुण : सहा जणांचे सहा गट करावेत. प्रत्येक गटात अधिकारी, लेखनिक, शिपाई व पहारेकरी यांचे मिश्रण असावे. स्वतःचे लक्ष्य पूर्ण केलेल्या दिवसास एक गुण. आठवड्यातील सहा दिवस मोजावेत, सातवा विश्रांतीचा. अशा रीतीने गटास आठवड्यास जास्तीत जास्त ३६ गुण मिळतील. लक्ष्याहून अधिक चाललेल्या पावलांस गुण नाहीत. वीस हजार पावले चालणारा तरुण अधिकारी आणि चार हजार पावले चालणारी पन्नाशीची लेखनिक भगिनी या नियमाने समान ठरतात.

६. विश्रांतीचा गुण : ज्वर, अजीर्ण, पायाचा व्रण, रजःकाल किंवा अन्य कारणाने वैद्याने विश्रांती सांगितल्यास त्या दिवसाचा पूर्ण गुण मिळावा. चिठ्ठीवर कारण लिहू नये. या एका नियमाने आजार लपविण्याचे कारणच उरत नाही.

७. गोपनीयता व ऐच्छिकता : तपासणीचे कागद वैद्याकडेच राहावेत, व्यवस्थापनाकडे जाऊ नयेत. सहभागाचा पगारवाढीशी वा बढतीशी संबंध नसावा. वजन घटविण्यास बक्षीस ठेवू नये. त्यातून उपाशी राहण्याची प्रवृत्ती बळावते.

८. व्यवस्थापनाचा वाटा : रोज पंधरा मिनिटे कामाच्या वेळेतून द्यावीत. ती न देता केवळ फलक लावणे म्हणजे स्पर्धेचा भार कर्मचाऱ्याच्या घरच्या वेळेवर टाकणे होय.

वर्ज्य व सावधानता

छातीत दुखणे, अल्प श्रमाने धाप लागणे, अनियंत्रित रक्तदाब, पायावरील व्रण व नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास संबंधित तज्ज्ञाच्या संमतीवाचून सहभाग देऊ नये. गर्भिणीने आपल्या चिकित्सकाच्या सल्ल्यानेच चालावे. इन्सुलिन अथवा रक्तशर्करा वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये, खिशात साखर ठेवावी. त्यांची औषधे आपल्या मनाने बंद करण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये. जानुसंधिवाताच्या रुग्णास सपाट जमिनीवर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून चालवावे. रात्री तिळतेलाने पादाभ्यंग सर्वांस हितकर. मात्र व्रणावर व मधुमेहींच्या बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये.

औषधनिर्माण शाळांच्या चालकांसाठी

आपल्या निर्माणशाळेत सर्वांचे काम सारखे नसते. पॅकिंग विभागातील भगिनी पूर्ण पाळी बसून असतात. त्यांना चालण्याची खरी गरज आहे. भट्टीजवळ क्वाथ ढवळणारा कामगार उष्णतेत उभा राहून अगोदरच अर्धशक्ती ओलांडत असतो. त्याला पावलांचे लक्ष्य न देता जलपान, सावली व विश्रांती यांची व्यवस्था द्यावी आणि गटात त्याचा गुण गृहीत धरावा. विक्रीखिडकीवर दिवसभर उभा असलेला मदतनीसही चालत नसतो, उभा असतो. त्याचे पाय सुजतात का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. अशा उपक्रमाच्या मंडपात मेदोहर वा मधुमेहहर औषधांची विक्री मांडण्याचा मोह टाळावा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह व स्थौल्य या दोहोंचा समावेश आहे. त्यांच्या उपचाराची जाहिरात करणारा फलक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, व्यायामाच्या उपक्रमास औषधाचे दुकान जोडले की कर्मचाऱ्याचा वैद्यावरील विश्वास उडतो.

मूल्यमापन

प्रारंभी व शेवटी कमरेचा घेर, रक्तदाब व नाडी यांची नोंद घ्यावी. त्याबरोबर क्षुधा, मलप्रवृत्ती, निद्रा व उत्साह यांविषयीही विचारावे. आठ आठवड्यांत वजनात मोठा फरक पडेल असे आश्वासन देऊ नये. खरी कसोटी समारोपानंतर तीन महिन्यांनी लागते. तेव्हा पुन्हा एक आठवडा पावले मोजावीत. मूळ संख्येपेक्षा ती अधिक राहिली असेल, तरच उपक्रम सफल झाला असे म्हणावे.

उपसंहार

स्पर्धा हे निमित्त, सात्म्य हे साध्य. हितकर सवय क्रमाक्रमाने अंगी बाणवावी, हे आपल्या शास्त्राचे सूत्र पावलांच्या मोजणीसही लागू आहे. वैद्यबंधू-भगिनींनी येत्या हेमंतात प्रथम स्वतःच्या चिकित्सालयात वा निर्माणशाळेत हा उपक्रम करून पाहावा आणि मगच बाहेरच्या आस्थापनांचे निमंत्रण स्वीकारावे, अशी आमची विनंती आहे.